ताईच्या गाडीतलं खोबरेल

फोन आला तेव्हा मी बोर्ली पंचतनच्या बाजारात, औषधाच्या दुकानासमोर, ताईच्याच गाडीत बसलो होतो. घरून बायकोचा फोन. "सावकाश या," एवढंच ती म्हणाली. एरवी "लवकर या" म्हटल्याशिवाय आमच्या घरातला फोन संपत नाही. मी बरं म्हटलं. औषधांची पिशवी शेजारच्या सीटवर होती. ती परत करून यावी का, असा विचार मनात आला... खरंच आला. मग गाडी सुरू केली आणि सावकाश आलो. वाटेत दोघांनी हात केला, त्यांना मीही केला. रडू आलं नाही. दीड महिना झाला, अजून आलेलं नाही.

सुमनताई माझी थोरली बहीण. सरकारी नर्स. श्रीवर्धन तालुक्यातल्या उपकेंद्रांवर तिने सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ते विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या वाडीतच दोन खोल्या बांधून राहिली आणि एक दिवस कुणाला न विचारता जुनी छोटी गाडी घेऊन आली. पांढरी, दारं खालून गंजलेली, काच खाली करायला हँडल फिरवावं लागे असली. मी म्हटलं, "अगं, या वयात गाडी? आणि तीही ही?" तर म्हणे, "मग काय तुझ्या स्कूटरवर मागे बसून कंबर मोडून घेऊ?" निवृत्त झाली तरी लोक तिलाच बोलवायचे. बाळंतिणीला बघायला, म्हाताऱ्यांची पट्टी बदलायला, नाहीतर रिपोर्टातलं काही कळत नाही म्हणून. ती लगेच गाडी काढायची. मी साठीला आलो तरी तिच्या लेखी बाळूच होतो, आणि तिच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती.

एका वर्षी पाऊस सरता सरता ती म्हणाली, "बाळू, रेसचं पेडल जड लागतंय रे. बोर्लीला जाशील तेव्हा सलीमला दाखव." सलीम आमचा मेस्त्री, कुवेतच्या गॅरेजात पंधरा वर्षं काढून गावी परतलेला. मी गेलो नाही. आळस, दुसरं काही नाही. घरीच बॉनेट उघडलं, पेडलची वायर कुठून कुठे जाते ते पाहिलं आणि तिच्या नळीच्या तोंडातून दोन चमचे खोबरेल आत सोडलं. आपल्याच वाडीतल्या नारळांचं, चांगलं सुवासिक. आमच्याकडे खोबरेल चालत नाही अशी वस्तूच नव्हती. वडील सायकलच्या चेनला तेच घालायचे, आई शिलाई मशिनला तेच, दाराच्या बिजागरीला तेच, डोक्याला आणि भाजल्या-कापल्यालाही तेच. ऑक्टोबरचं ऊन होतं, पेडल लोण्यासारखं चालायला लागलं. ताई खूश. "तुझा सलीम हुशार आहे हो," म्हणाली. मी म्हटलं, "आहेच मुळी." झालं. खोटं काय ते एवढंच.

मग थंडी पडली. आमच्या किनाऱ्याची थंडी ती केवढी, पण सकाळी बाटलीतलं तेल पांढरं होऊन बसतं एवढी नक्की असते. हे मला लहानपणापासून ठाऊक, तरी डोक्यात उजेड पडला नाही. सकाळी पाय उचलला तरी पेडल खालीच राहायला लागलं, गाडी आपली धावतेच आहे. ताईने त्यावर स्वतःचा उपाय काढला. चप्पल काढून बसायची, उजव्या पायाचा पंजा पेडलखाली घालायची आणि वर उचलायची. दहा वाजले की गाडी शहाण्यासारखी वागायची. सलीमकडे दोनदा नेली, दोन्ही वेळा मीच, कारण ताईने त्याच्याशी बोलावं अशी माझी इच्छा नव्हती. दोन्ही वेळा दुपार. सलीम पेडल दाबून म्हणाला, "बाळूभाऊ, काय न्हाय हो, मक्खन चालतंय." ताईला सांगितलं तर हसली. "दवाखान्यात आलं की ताप उतरतो ना, तसलं दुखणं हे."

आणि मग दिघीची ती सकाळ. आगरदांड्याला जाणारी पहिली फेरीबोट गाठायची होती, पलीकडे तिच्याबरोबर नोकरी केलेल्या एक बाई आजारी होत्या. मी शेजारी बसलेला. जेट्टीच्या उतारावर तिने पाय उचलला आणि इंजिन ओरडतच राहिलं. पुढे मासळीच्या टोपल्या घेऊन दोघी बायका, त्यांच्यापुढे पाणी. मी दाराचं हँडल धरलं... उडी मारायला. बहिणीला गाडीत ठेवून. ताईने क्लच दाबला, सगळा भार ब्रेकवर टाकला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. गाडी एका टोपलीला टेकून थांबली. "डोलं फुटलं काय गो तुजं?" टोपलीवाली कडाडली. "डोळे न्हाय गो बाय, पेडल," ताई म्हणाली. मग शांतपणे पंजा खाली घालून तिने ते वर उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाळू, दार सोड आता."

त्याच दिवशी गाडी परत सलीमकडे नेली. तो म्हणाला, आज गाडी इथंच राहू दे, उद्या सकाळी गार असताना उघडतो. सकाळी मी एकटाच गेलो. त्याने वायर बाहेर ओढली तर तिच्याबरोबर पांढरं मेणासारखं काहीतरी आलं. बोटावर घेऊन त्याने वास घेतला. "या खुदा! यात खोबरेल कोणी ओतलं?" असं म्हणून तो हसत सुटला, "कोकणातलीच गाडी ही, शंका न्हाय." मग माझं तोंड बघून थांबला. मी म्हटलं, "सिस्टरना सांगू नकोस." तो बरं म्हणाला. वायर पेट्रोलने धुतली, पातळ मशीन ऑइल सोडलं, आणि त्या दिवसापासून ते पेडल एकदाही अडकलं नाही. ताईला मी सांगितलं, खारी हवा, गंज धरला होता. "असेल," ती म्हणाली. पण पंजा लावायचं काही तिने सोडलं नाही. उन्हाळा असो, पावसाळा असो, गाडीत बसली की आधी चप्पल काढायची आणि पेडल वर उचलून बघायची. "अगं, आता नाही अडकत," मी वैतागून म्हणायचो. "असू दे रे. पायाला सवय झालीय."

गेल्या दिवाळीनंतर तिचं यकृताचं दुखणं वाढलं. मुंबईला नेलं, पण रिपोर्ट तिचे तिलाच वाचता येत होते. "घरी चल," म्हणाली. आलो. शेवटच्या सकाळी गारठा होता. तिच्या पायांची कातडी कोरडी पडून तडकायची, म्हणून रोज मी खोबरेल चोळायचो. त्या दिवशी बाटली गोठलेली होती. मी ती खिडकीतल्या उन्हात धरून उभा राहिलो. ती बघत होती. म्हणाली, "बाळू, गाडीत हेच घातलं होतंस ना?"

"कसलं?" मी म्हटलं. एकसष्ट वर्षांचा घोडा मी, आणि किती सहज म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "काही नाही. चोळ," म्हणाली आणि डोळे मिटले. मी दोन्ही पाय चोळले, आधी डावा, मग उजवा. मग औषधं आणायला बोर्लीला गेलो, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. सलीमनेच तिला सांगितलं, का तिच्या नर्सच्या नाकाला आधीच कळलं होतं, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारून काय करू? इतकी वर्षं माहीत असून ती गप्प राहिली, आणि शेवटी तिनेच मला वाट करून दिली. "हो ताई" एवढंच म्हणायचं होतं. लोक भेटायला येतात, सिस्टर किती मोठ्या मनाच्या होत्या म्हणतात, मी मान हलवतो, चहा सांगतो. आत काही हलत नाही. शरम तेवढी वाटते, आणि ती रोज वाटते.

आता उन्हं तापली आहेत. ती बाटली तिच्या खिडकीत अजून तशीच आहे, तेल पाण्यासारखं पातळ झालंय. गाडी मी चालवतो. सलीमने परवा न विचारता अख्खी वायरच नवी घातली, म्हणाला, आता दहा वर्षं बघायला नको. तरी रोज सकाळी गाडीत बसलो की मी चप्पल काढतो. काचा वर करतो, म्हणजे बाहेर कुणाला ऐकू जायला नको. "ताई, ते तेल मीच घातलं होतं गं," म्हणतो. मग पंजा खाली घालून पेडल उचलायला बघतो. ते आधीच वर असतं.