न तुटलेला दाणा

मूल गावच्या बाजारात धान भरडण्याची एक लहानशी गिरणी होती. तिथे मालक आणि धान भरडणारा तो गडी, एवढे दोघेच. देवाच्या अक्षतांसाठी मी नवे धान नेले, की तो एक दाणा दाताखाली फोडून डोळे मिटून घेई.

“गुरुजी, अजून एक ऊन दाखवा. आज भरडलं तं कणीच होईन. तुटका दाणा देवाले चालन का?”

एके वर्षी कागदाच्या मोठ्या कारखान्यातून त्याला बोलावणे आले. पक्का पगार, राहायला खोली. बायको हरखली. मालकच म्हणाला, “जाय बापा, म्या तुले एवढं देऊ शकत नाई.”

तो गेला. पंधरा दिवसांनी मी धान घेऊन गेलो, तर तो पुन्हा गिरणीत.

“काऊन परतला रे?”

“तिथी सारं बेस हाये, गुरुजी. पण आपला कागद कोणाच्या घरी जाते, थे कोणालेच ठावं नाई.” मग हसून म्हणाला, “बायको रुसली हाये. देवाले सांगा जरासं.”

आणि त्याने माझ्या धानातला दाणा दाताखाली धरला.

त्याचे नाव विचारायचे राहूनच गेले. अक्षता वाहताना मात्र देवाआधी त्याचे मिटलेले डोळे आठवतात. देव रागावत नसावा.