बर्फावर सरकणारी मुलगी

बाहेर मस्कतचं ऊन तापल्या तव्यासारखं, आणि दार लोटताच अंगावर येणारा तो निळसर, निःशब्द गारवा! सरकारने लोकांसाठी बांधलेल्या त्या जुन्या क्रीडागृहाची आठवण माझी त्वचा अजून जपून आहे. वाळवंटात बर्फाचं अंगण करावं, पायांत पाती बांधून मुलांनी त्यावर सरकावं, आणि भोवतीची भिंतही सरकारी खर्चाने चित्रांकित व्हावी. केवढं उदार, केवढं हट्टी ते स्वप्न!

त्या भिंतीचं काम आमच्या कंपनीकडे होतं. मी नकाशे काढणारा, आणि चित्र रचणारे मालवणकडचे पेडणेकर. मस्कतच्या गाला या औद्योगिक भागातल्या शेडमध्ये बसून ते रंगीत फरश्यांचे तुकडे करत आणि त्यांतून स्केटिंग करणाऱ्यांच्या आकृती जुळवत. बर्फ त्यांनी पाहिला होता तो फक्त बंदरावर, मासळीच्या पेट्यांत. एका पायावर तोललेला देह पडत कसा नाही, याचं त्यांना नवल वाटे. मासिकांतली छायाचित्रं ते तासन् तास न्याहाळत.

काम संपत आलं असताना गावाहून फोन आला. त्यांची नऊ वर्षांची सुमन तापाने अंथरुणाला खिळली होती. त्यांनी रजा मागितली. उद्घाटन महिन्यावर आलंय, आठवडाभर थांबा, इन्शाल्ला बरी होईल, असं साहेब म्हणाले. आणि मी? मीही तेच म्हणालो. साध्या तापासाठी एवढ्या लांब गावी कशाला धावायचं, असं काहीसं. चौथ्या दिवशी ती गेली. माणसाच्या तोंडून किती सहज निघतो तो शब्द, थांबा! आणि ज्याला थांबवलं त्याचं काय थांबतं, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

तेरावा करून पेडणेकर परतले. मधल्या आकृतीचा चेहरा तेवढा रिकामा होता. दोन दिवस कुणाशी न बोलता त्यांनी तो भरला. विशीतली तरुणी, हात पसरलेले, हनुवटीवर बारीक खळी. त्यांच्या पाकिटातल्या सुमनच्या फोटोत ती खळी मी पाहिली होती. उद्घाटनाच्या दिवशी त्यांना त्या भिंतीपाशी उभं करून मी एक छायाचित्र काढलं.

यंदा ते क्रीडागृह पाडलं. मी पोचलो तेव्हा भिंतीचा ढिगारा झाला होता. निवृत्त होऊन गावी राहणाऱ्या पेडणेकरांना फोन केला. तो जुना फोटो आहे का, असं त्यांनी विचारलं. तो चेहरा कुणाचा, हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, असंही ते म्हणाले.

मी फोटो मोबाईलवर पाठवला. दुसऱ्या दिवशी वहिनींचाच फोन आला.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "चेडू केदां मोठां झालां!"

आमची मुलगी केवढी मोठी झाली. इतकी वर्षं उराशी बाळगलेली क्षमायाचना माझ्या ओठांशी आली होती. पण क्षमा मागणं हीदेखील स्वतःचंच ओझं उतरवण्याची एक रीत, नाही का? त्या क्षणी वहिनींना माझ्या ओझ्याशी कर्तव्य नव्हतं. फोटोतले रंग विटलेत, तिच्या झग्याचा रंग कुठला होता, एवढंच त्या विचारत होत्या.

"निळा," मी सांगितलं.