उत्तर येईपर्यंत थांबायचं

पन्नाशी जवळ आल्यावर आम्ही नवरा-बायकोने एकाच कॉलेजात नाव घातलं. ह्यांनी जंगलकामाच्या वर्गात, मी रुग्णसेवेच्या. जपानातल्या सेंदाई शहरापासून बसने तासाभरावर डोंगरातलं एक छोटं गाव आहे, तिथल्या लोकांसाठी चालवलेलं ते कॉलेज. विभाग हे दोनच.

"तिसरं शिकवणार काय?" हे म्हणायचे. "गावात उरलंय काय तर झाडं आणि म्हातारी माणसं. झाडांना आडवं करायला कोणीतरी लागतं आणि म्हाताऱ्यांना उठवून बसवायला."

ह्यांच्या कंपनीने करार वाढवला नव्हता. मुलगी योकोहामाला नोकरीला लागली होती. मी माझ्या सवयीप्रमाणे कागदावर रेघ मारून दोन बाजू केल्या, एकीकडे 'पुण्याला परत', दुसरीकडे 'इथेच'. ह्यांनी तो कागद नीट वाचला. "दोन्ही बाजू बरोबर आहेत," म्हणाले, "पण मला झाडांचं काहीतरी शिकायचंय. आयुष्यभर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं, आता जरा लांबचं बघतो." मला आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या आजारपणापासून वाटत होतं, की आजारी माणसाला हात कसा लावायचा हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नाही. म्हणून मी ते घेतलं.

आमची वर्गखोली तळमजल्यावर होती. खाटा, खाटांवर रबरी पेशंट, आणि मागच्या खिडकीतून ओंडक्यांचं आवार. ह्यांचा वर्ग तिथे सराव करायचा. दिवसभर करवतींचा आवाज. सगळ्या यांत्रिक करवती सारख्याच ओरडतात, पण ह्यांची मला ओळखू यायची, कारण ती सारखी थांबायची. आणि प्रत्येक वेळी बंद करताना कळ चाचपडत हे फार वेळ लावत.

पहिल्या आठवड्यात आम्ही घरी येऊन वह्या पडताळल्या, तर दोन्ही वर्गांचा पहिला धडा एकच निघाला. जंगलात झाड पाडण्याआधी सोबत्याला नावाने हाक मारायची, झाड कुठल्या बाजूला पडणार ते सांगायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. उत्तर आल्याशिवाय करवत लावायची नाही. आमच्याकडे पेशंटला स्पर्श करण्याआधी नावाने हाक मारायची, काय करणार ते सांगायचं आणि थांबायचं. तो बेशुद्ध असला तरी. आमच्या सेन्सेई, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, सांगायच्या, "उत्तर येणार नाही हे तुम्हाला माहीत असलं, तरी उत्तराला लागेल तेवढा वेळ द्यायचा."

जेवणं झाली की सराव. हे गादीवर पेशंट होऊन पडायचे.

"अहो, आता तुम्हाला कुशीवर वळवते हं."

"पेशंटचं नाव?"

"अहो, नीट पडा ना."

"नाव घेतल्याशिवाय पेशंट वळणार नाही. उद्या सेन्सेईंकडे तक्रार जाईल."

मग मी आडनावाला 'सान', म्हणजे आपल्याकडचं 'राव', लावून हाक मारायची, ऑफिसात मारतात तशी.

"हे तर तुझंही आडनाव. आपल्या दोघांपैकी वळायचं कोणी?"

मी ह्यांचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. उखाण्यातलं नाव म्हणजे हाक नव्हे. सासूबाईंनी मला घरात आल्या आल्या सांगितलं होतं, नवऱ्याला नावाने हाक मारू नये, त्याचं आयुष्य कमी होतं. पुण्यात माझ्या बरोबरीच्या सगळ्याजणी नवऱ्यांना नावाने, तेही एकेरीत हाका मारतात आणि ते सगळे ठणठणीत आहेत, हे मला दिसत होतं. माझा विश्वास नव्हताच. पण जे पाळायला काही खर्च पडत नाही, ते मोडायचं कशाला?

ह्यांना मात्र त्या सरावापासून चाळाच लागला. बसमध्ये, कचरा वेगळा करताना, कुठेही. "घे की एकदा."

"परीक्षा पास झाले की मारीन हाक," मी म्हटलं.

"तुमच्या त्या खिडकीतून मार. सगळ्यांसमोर करवत बंद करून ओ देईन."

फ्रिजवर माझी कामांची यादी असते. तिच्यात करवतीचं तेल, माझे गणवेश, बसची नवी वेळ, या सगळ्याखाली एक दिवस ह्यांच्या अक्षरात ओळ आली, 'हाक'. मी ती खोडली नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा बर्फ पडत होता. त्या दिवशी आम्ही पेशंट खाटेवर असताना चादर बदलण्याचा सराव करत होतो. करवत थांबली. ती थांबतेच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग वर्गाच्या दारात ह्यांचे शिक्षक उभे दिसले आणि बोलावल्याशिवाय आतच आले. त्यांच्या पायात बूट होते. बर्फाने भरलेले बूट घालून ते आमच्या पुसलेल्या जमिनीवरून सरळ माझ्याकडे चालत आले. जपानी माणूस असा आत येत नाही. ते तोंड उघडायच्या आत मी हातमोजे काढले होते.

डोकं दुखतंय म्हणून हे ओंडक्यावर बसले होते आणि बसल्या जागी कलंडले होते.

माझ्या पिशवीत आमच्या दोघांच्या विम्याची कार्डं, रक्तगट, चालू औषधं, सगळं एका पाकिटात असतं. ॲम्ब्युलन्समध्ये मी एकेक काढून दिलं. सेंदाईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी चित्र काढून, सोपे शब्द निवडून सांगितलं, मेंदूत मोठा रक्तस्राव आहे, शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही. त्यांना शब्द सोपे करायची गरज नव्हती. अवघड शब्द मी त्याच आठवड्यात पाठ केले होते.

मुलगी योकोहामाहून आली. अतिदक्षता विभागातल्या नर्सबाई म्हणाल्या, "घरच्यांचा आवाज पोचतो असं आम्ही मानतो. नावाने हाक मारा."

मुलीने हाक मारली, "बाबा." मी मारली, "अहो."

नर्सबाईंनी मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मुलीने त्यांना जपानीत काहीतरी समजावलं. त्यांनी मान हलवली. "तरी एकदा नावाने मारून बघा," म्हणाल्या.

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी मुलगी चिडली. रडवेली झाली की तिचं मराठी तुटतं. "आई, तू हे शिकलीस ना? कोर्समध्ये?"

"शिकले."

"मग? आजीचं ते खरं मानतेस तू?"

"नाही मानत."

"मग मार ना हाक! बाबांना हवी होती."

"मारीन. आत्ता नको."

"का पण?"

मी परत आत गेले. श्वास यंत्र देत होतं, औषध नळीतून जात होतं, कुशीवर दुसऱ्या वळवत होत्या. ह्यांच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे एकच काम उरलं होतं, आणि ते नाव न घेण्याचं होतं. विश्वास नव्हता, तरी ते मी सोडणार नव्हते.

मी बाकीचं सगळं बोलले. करवतीला तेल देऊन ठेवलंय. भाजणीचं पार्सल आलंय. तुमच्या वर्गातले सगळे खाली येऊन बसलेत, त्यांना अजून कोणी घरी जा म्हटलेलं नाही. प्रत्येक वाक्य 'अहो'ने सुरू केलं आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबले.

त्याच आठवड्यात एका सकाळी हे गेले.

इथे नंतर नर्स शरीर पुसून देतात आणि घरच्यांना विचारतात, तुम्ही हात लावाल का. मी हो म्हटलं. कोमट पाणी, टॉवेल, कोरडा टॉवेल, क्रम मला ठाऊक होता. नर्सबाई ह्यांच्याकडे वाकल्या आणि जिवंत माणसाशी बोलावं तसं आडनावाला सान लावून म्हणाल्या, "आता चेहरा पुसते हं." थांबल्या. मग पुसला. ओला टॉवेल माझ्याकडे देत म्हणाल्या, "हात तुम्ही."

मी ह्यांचा उजवा हात उचलला. वर्षानुवर्षं कीबोर्डवर असलेला मऊ हात, त्याच्या तळव्याला आता करवतीचे घट्टे पडले होते आणि नखांच्या कडांना झाडाची राळ काळी होऊन बसली होती. राळ पाण्याने निघत नाही, तेल लागतं, हे ह्यांनीच मला सांगितलं होतं. नर्सबाईंनी विचारलं, "काढायची का?" मी म्हटलं, राहू दे.

आता कमी होण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी ह्यांच्या कानाशी वाकले आणि नाव घेतलं. पुढे-मागे काही न लावता, नुसतं नाव, खिडकीतून मारावी तेवढ्या मोठ्याने.

"उजवा हात पुसते," म्हटलं आणि थांबले.

नर्सबाईही थांबल्या. मुलगी भिंतीशी उभी होती, तिने तोंडावर हात घेतला. 'ओ' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. मी आणखी थोडा जाऊ दिला, करवत बंद करायला ह्यांना नेहमीच वेळ लागायचा.

तोवर टॉवेल गार झाला होता. तो पुन्हा पाण्यात बुडवला, पिळला आणि बोटांपासून सुरुवात केली.