गंगाकाकीचा पाट

गंगाकाकीला बसल्या जागेवरून उठवणं आमच्या वाड्यावर कुणाला जमलेलं नाही. धारगळला हमरस्त्याच्या कडेला ती दोडकी, भेंडी, काकड्या घेऊन बसते. ऊन फिरलं की बाकीच्या बायका टोपल्या उचलून सावलीला सरकतात. काकी आपल्या दगडावरच. "ऊन जातलां, दगड खंय जातलो?" असं वर विचारते.

घरातही तिची एक गोष्ट ठाम. गणपती पाच दिवसांचा. मूळ घराणं दीड दिवसाचं, पण मुलगा संदीप लहानपणी तापाने फणफणला तेव्हा विठ्ठलकाका पाच दिवसांचा नवस बोलले. आता काका नाहीत, संदीप वास्कोला बंदरात नोकरीला. तो चवथीला येतो आणि दीड दिवसाने ड्यूटीवर पळतो. नवस काकी एकटीच सांभाळते.

गेल्या चवथीला संदीप गेला त्याच दुपारी पंचायतीचा गौरेश पिकअपवर भोंगा बांधून वाड्यात आला. वरच्या धरणाचं पाणी सोडणार होते, नदी आधीच काठोकाठ. "सगळ्यांनी इव्हॅक्युएट व्हा! इव्हॅक्युएट व्हा!" भोंगा ओरडत होता. आम्ही निघायला लागलो. काकी खळ्यात, म्हणजे अंगणात, नारळ सोलत बसली.

"काकी, उठ गो!" गौरेश खाली उतरून म्हणाला.

"तो शब्द कसला रे तुझा? लशीबिशीचं काही आहे?"

"धोक्याची जागा सोडून सुखरूप जागी जायचं."

"म्हणजे पळायचं."

"पळायचं नव्हे. ओळीने जायचं, सामान न घेता. पाणी उतरलं की परत यायचं. माणसांना इव्हॅक्युएट करतात, वाडेही इव्हॅक्युएट करतात."

"आणि देवाला?"

गौरेशने फोन काढून वरून आलेला निरोप पुन्हा वाचला. "देवाचं काही लिहिलेलं नाही."

"मग मी बसते. पाच दिवस व्हायचे आहेत. प्रतिष्ठा झालेला देव उत्तरपूजेशिवाय हलवत नाहीत, तुझ्या आईने शिकवलं नाही?"

"नाव गंगा, आणि पाण्याशी वाद घालतेस?"

"वाद तूच घालतोस मेल्या. भोंगा बंद कर, देव दचकेल."

गौरेशने भटजींना फोन लावला. ते नदीपलीकडे अडकलेले. म्हणाले, फोनवरून उत्तरपूजा सांगतो, दोन दिवसांत आटपलं म्हणून बाप्पा रागावत नाही. काकीने फोन त्याच्या हातात परत दिला. "त्यांचा नवस नाही तो."

तोवर पाणी पायरीला लागलं. मी देवघरात डोकावले तर बाप्पा पाटावर शांत, वर माटोळी, म्हणजे चवथीची ती फळाफुलांनी लगडलेली लाकडी चौकट. मी हात जोडले आणि म्हटलं, "काकी, देव मातीचा आहे गो. पाणी आत आलं तर बसल्या जागी विसर्जन होईल. मग नवस दोन दिवसांतच संपला."

काकीचा कोयता थांबला. पहिल्यांदाच तिचं तोंड उतरलेलं पाहिलं.

"पण हलवायचा कसा?"

हे मला कुठून सुचलं ते त्यालाच ठाऊक. "देवाला हात लावायचा नाही. पाट उचलायचा. तू वास्कोच्या बसमध्ये बसतेस तेव्हा तू हलतेस काय? बस हलते. तू सीटवरच."

काकीने गणपतीकडे पाहिलं. मग गौरेशकडे. "पिकअप धू."

"काकी, पुरात?"

"मासळीचा वास येतो त्याला. धू!"

गौरेशने पुराच्याच पाण्याने पिकअप धुतला. चौघांनी पाट उचलला. माटोळीची चौकटही निघाली, तेव्हा गौरेश कळवळला, "सामान न्यायचं नाही म्हणून सांगितलं ना!"

"हे सामान? देवासमोर बोलतोस?"

तर असा आमचा वाडा इव्हॅक्युएट झाला. पुढे पिकअप, त्यात बाप्पा, त्याच्यावर माटोळी धरून भिजलेले चार बाप्ये, शेजारी ड्रायव्हरला "खड्डा! अरे खड्डा!" म्हणून ओरडणारी काकी, आणि मागे ओळीने आम्ही. शाळेच्या हॉलमध्ये पाट टेकला. त्या रात्री काकीच्या देवघरात मांडीभर पाणी होतं आणि हॉलमध्ये आरती.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. गौरेश खुशीत आला. "चला, परत! उठ काकी."

काकी फळ्याखाली मांडी घालून बसलेली. "पाच दिवस झाले?"

"उद्या होतील. पण आता घरी..."

"तूच सांगितलंस, धोक्याची जागा सोडायची. इथे कसला धोका आहे?"

"काहीच नाही."

"मग बस. वाती वळ."

गौरेश खरंच वाती वळत बसला. पंचायतीचा माणूस समोर असला की काकीला जास्तच हुरूप येतो.

पाचव्या दिवशी भटजी आले, उत्तरपूजा झाली, त्यांनी मूर्ती हाताने जराशी सरकवली आणि मग नदीवर विसर्जन झालं. काकी रिकामा पाट काखेत मारून घरी आली. भिंतीवर कमरेच्या खाली चिखलाची रेघ. तिने जमीन पुसली, पाट जागच्या जागी ठेवला, दिवा लावला. तेवढ्यात संदीपचा फोन आला.

"आई, पाच दिवस नीट झाले ना? देवाला हलवावं लागलं नाही ना?"

"देव कशाला हलेल?" काकी माझ्याकडे बघत म्हणाली. "मीच हलले."