पाठवणीच्या चालीतल्या चार मात्रा

आनंदराज हनमंते आमच्या तंत्रनिकेतनात, लातूरला, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बारा वर्षे आम्ही शेजारशेजारच्या खोल्यांत काम करतो. तरी हा माणूस घरी काय करतो, हे मला सातव्या वर्षी कळले, आणि तेही त्याने सांगितले म्हणून नव्हे. परीक्षेचे काही कागद द्यायला मी त्याच्या घरी गेलो होतो. टेबलावर पिवळ्या, लाल, करड्या प्लास्टिकच्या कॅसेटी उघडून ठेवल्या होत्या. आमच्या पिढीच्या घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असे, त्यात खोचायच्या कॅसेटी. काहींच्या पोटातल्या चिपा काढलेल्या होत्या आणि त्या जागी दुसऱ्या डाखून बसवल्या होत्या.

"पोरांसाठी दुरुस्त करता का?" मी विचारले.

"नाही सर. यात खेळ नाहीच. यात फक्त वाजवणं आहे."

त्याने एक कॅसेट यंत्रात बसवली. जुन्या डब्यासारख्या टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली आणि सूर सुरू झाले. त्या खेळण्याच्या आत आवाज काढणारी पाच साधने असतात, असे त्याने सांगितले. दोन एका धाटणीची, एक खर्जाचे, एक नुसत्या खरखरीचे, आणि एक ध्वनीचा बारीक तुकडा जसाच्या तसा वाजवणारे. एवढ्यात सगळे बसवायचे. त्याहून जास्त मागायचे नाही. जगभरात काही शे माणसे हा उद्योग करतात, एकमेकांना आपापल्या रचना पाठवतात, चुका दाखवतात. लातुरात तो एकटाच. मला तेव्हा तो पोरखेळ वाटला, हे मी मान्य करतो.

"पण यावरच का? संगणकावर हवा तो आवाज निघतो."

"यातल्या पहिल्या दोन आवाजांची लाट निम्मी वर, निम्मी खाली अशी केली ना सर, की ते क्लॅरोनेटसारखे वाजतात. खालच्या पट्टीत तर डोळे मिटले की फरक कळत नाही."

त्याचे वडील ग्यानोबा अहमदपूरच्या एका बँडमध्ये चाळीस वर्षे क्लॅरोनेट वाजवत होते, हे मला त्या दिवशी कळले.

ग्यानोबांना लोक मास्तर म्हणत. लग्नात इतर वेळी ते लोक मागतील ती सिनेमाची गाणी वाजवत. पण नवरीला वाटे लावताना, ती जीपमध्ये बसेपर्यंत, एकच चाल वाजे आणि ती त्यांची स्वतःची होती. कोणत्याही जातीचे लग्न असो, अहमदपूरच्या आसपासच्या कितीतरी लेकी त्या चालीवर गेल्या. चालीचा मुखडा तिथल्या कोणत्याही बाईला गुणगुणता येतो. मधला भाग मात्र कोणालाच येत नाही. तो वाजायचा तेव्हा बायका रडत असायच्या, गाडी सुरू झालेली असायची, ऐकायला कोणी मोकळे नसायचे. लग्नाच्या चित्रफिती निघत, पण शूटिंगवाले त्यातला खरा आवाज पुसून वर सिनेमाचे गाणे चढवत. आनंदराजने गावोगावच्या साठेक चित्रफिती मागून पाहिल्या. कित्येकींत ग्यानोबा गाल फुगवून वाजवताना दिसतात. ऐकू एकदाही येत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर ग्यानोबांना अर्धांगवायू झाला. उजवे अंग गेले, वाचा गेली. ओठ एका बाजूला ओघळले, त्यामुळे वाद्य फुंकणे संपले. समज शाबूत होती. डॉक्टरांनी आनंदराजला बाजूला घेऊन सांगितले की दुसरा झटका कधीही येऊ शकतो. ती चाल आता फक्त त्या एका डोक्यात उरली होती, आणि तिथून बाहेर यायची वाट बंद झाली होती.

आनंदराजला वाजवता येत नाही. लहानपणी बोटे शिकला होता, ओठ कधी जमले नाहीत. त्याच बोटांचा त्याला आता उपयोग झाला. तो दर रविवारी अहमदपूरला जाऊ लागला. थोरली बहीण रेणुका वडिलांना सांभाळत होती. ती क्लॅरोनेटचे खालचे टोक धरून बसे. ग्यानोबा डाव्या हाताची बोटे वरच्या छिद्रांवर ठेवत आणि मनातल्या मनात वाजवत. खालची छिद्रे उजव्या हाताची. तो हात मेलेला. तिथे आनंदराज आपली बोटे ठेवी, एकेक पर्याय करून दाखवी आणि वडिलांच्या मानेकडे पाही. खोलीत आवाज काहीच नसे. वहीत तो डाव्या हाताच्या खुणा शाईने लिही, कारण त्या वडिलांच्या होत्या. उजव्या हाताच्या पेन्सिलने, कारण त्यांत त्याचा अंदाज मिसळलेला होता.

तीन रविवारांत चाल उतरली. आनंदराजने ती लातूरच्या संगणकावर बसवली. अमेरिकेतल्या एका हौशी मित्राने क्लॅरोनेटचा आवाज फार चांगला साधलेली एक फाइल त्याला पाठवली होती. तिचा साचा घेऊन त्यात त्याने आपले सूर भरले. टीव्ही आणि यंत्र त्याने आधीच अहमदपूरला वडिलांच्या खाटेसमोर नेऊन ठेवले होते. तेवढ्यात प्रात्यक्षिक परीक्षा लागल्या आणि रविवारही गेले. म्हणून त्याने कॅसेट एसटीच्या कंडक्टरकडे दिली. रेणुकाने ती स्टँडवरून घेतली, वडिलांना लावून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी ती काम करते त्या अंगणवाडीतून फोन केला.

"आबा लई चिडले रे. चालू केलं की खाटेवर हात आपटायला लागले. डोळ्यांत पाणी."

"चाल चुकली का अक्का?"

"चाल तीच हाय. पर कशी तरीच वाटायली. जीव न्हाई तिच्यात."

मुखडा सगळ्यांच्या कानातला, म्हणजे चूक मधल्या भागात, असे आनंदराजने ठरवले. शाईला हात लावायचा नाही, पेन्सिल बदलायची. त्याने उजव्या हाताचे सूर बदलले आणि दुसरी कॅसेट पाठवली. वडिलांनी पुन्हा हात आपटला. तिसरी, चौथी. त्याच्याकडे त्या जुन्या जातीच्या चिपा मोजक्याच होत्या. त्यांच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. तिच्यावर विशिष्ट दिवा धरला की आतले पुसले जाते आणि चिप पुन्हा लिहिता येते. परत आलेली प्रत्येक कॅसेट तो पुसून नव्याने भरत होता. संगणकातही एकाच नावाने साठवत होता. वहीत पेन्सिल खोडून पुन्हा लिहीत होता. एका ठिकाणी, चार मात्रांच्या जागी, कागद झिजून भोक पडले.

प्रयोगशाळेत तो नेहमीसारखाच होता. मुलांचे प्रयोग तपासायचा, तारा गुंडाळून ठेवायचा. एकदाच म्हणाला, "सर, माणूस आपल्यावर रागावून जाऊ नये, एवढंच वाटतं." सातवी कॅसेट त्याने एसटीने पाठवली नाही. परीक्षा संपल्या होत्या. तो स्वतः निघाला, आणि मीही त्याच्याबरोबर गेलो.

ग्यानोबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. अंगावर धुतलेला पांढरा सदरा, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यांच्याजवळ खुर्चीवर एक गोरेपान, कपाळाला भस्म लावलेले म्हातारे बसले होते. ते मडिवाळप्पा, बँडमध्ये ढोल वाजवणारे. उदगीरकडच्या लेकीकडे राहायला गेले होते, आजारपणाची बातमी कळून पहिल्यांदाच भेटायला आले होते.

"हा तुझा बाजा व्हय रे?" ते यंत्राकडे पाहून आनंदराजला म्हणाले. "चाळीस वर्षं आम्ही खांद्यावर ढोल वागवला, अन् तू खिशात बँड घालून आलास!"

आनंदराजने कॅसेट बसवली. मुखडा सुरू झाला आणि ग्यानोबांचा डावा हात उठून खाटेच्या लाकडावर पडला. पुन्हा उठला. पुन्हा पडला. तोंडातून घशातला एक आवाज येत होता. रेणुका पुढे झाली. "बंद कर. बघ, चिडले."

"थांब गं," मडिवाळप्पा म्हणाले. त्यांची नजर त्या हातावर होती. "चिडलेत कुठं? ठेका द्यायलेत की तुम्हाला! अन् तू किती हळू लावलंयस रे पोरा? लेकीला वाटं लावायचंय, मयत न्यायचंय का?"

त्यांनी आपला तळवा खुर्चीच्या हातावर ग्यानोबांच्या तळव्याबरोबर मारायला सुरुवात केली. दोन म्हातारे एका लयीत होते. टीव्ही त्यांच्यामागे रेंगाळत होता.

आनंदराजने यंत्र बंद केले. काय झाले ते त्याला त्या क्षणी समजले असावे, कारण तो यंत्रापाशीच खाली बसला. मला त्याने नंतर बसमध्ये समजावले. या खेळण्यातले संगीत टीव्हीवरच्या चित्राच्या ठोक्याने चालते. अमेरिकेत चित्र सेकंदाला साठदा बदलते, आपल्याकडे पन्नासदा. मित्राचा साचा साठाचा होता. लातूरच्या संगणकानेही तो साठानेच वाजवला, म्हणून त्याच्या कानांना चाल बरोबर वाटली. अहमदपूरच्या टीव्हीवर ती पन्नासाने वाजली. सूर एकही हलला नाही, फक्त चाल मंदावली. एक आकडा बदलायचा होता. तो न बदलता त्याने वडिलांनी मान हलवून दिलेले सूर सहा वेळा खोडले होते.

तो उठला, वडिलांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आबा, पहिली बरोबर होती. मी पुसली. पुन्हा सांगाल का?"

ग्यानोबांनी डावा हात क्लॅरोनेटच्या दिशेने केला.

त्या दुपारी आणि पुढच्या दोन रविवारी ते पुन्हा बसले. मी शेवटच्या रविवारीही होतो. बहुतेक सगळे परत मिळाले. शाईच्या खुणांशी बोटे जुळत होती, उजवी बाजू मानेने ठरत होती. अडले ते भोक पडलेल्या चार मात्रांपाशी. भोकाच्या वर शाई शाबूत होती, पण ग्यानोबांची बोटे तिच्याशी जुळेनात. आनंदराजने पुन्हा विचारले. बोटे तिसऱ्याच ठिकाणी गेली. चौथ्यांदा आणखी वेगळी. दर वेळी चेहऱ्यावर कसलाही गोंधळ नव्हता.

आनंदराजने वही मिटली आणि तो ओसरीत आला. मडिवाळप्पा तिथे चहा पीत होते. त्यांनी मुक्काम वाढवला होता.

"अप्पा, आबा विसरून चालले," तो म्हणाला. "दोन महिने मी त्यांना चुकीचं ऐकवत राहिलो. त्यांच्या डोक्यातलं मीच बिघडवलं."

"कुठली जागा?"

आनंदराजने मुखड्यानंतरचा भाग गुणगुणून दाखवला आणि अडले तिथे थांबला.

मडिवाळप्पांनी कप खाली ठेवला. "ती व्हय? तिथं काय ठरलेलं नव्हतंच की रे. तिथं मास्तर मला खूण करायचे, म्हणजे मी नुसता ठेका धरायचा. अन् ते पोरीच्या तोंडाकडं बघायचे. मग वाजवायचे. एकदा वाजवलेलं दुसऱ्या लग्नात न्हाई वाजवलं कधी. मी एकदा भांडलो बी, म्हणलं सारखं सारखं बदलता, माझा ढोल कुठं उचलू? तर म्हणाले, पोरगी बदलती का न्हाई?"

"मग आबांनी खुणेनं सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का? तू म्हणलास काय वाजवता ते दाखवा. त्यांनी दाखवलं की. चारदा."

रेणुका दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "माझ्या लग्नात काय वाजवलं असंल?" मडिवाळप्पांना ते आठवत नव्हते. ते खरे बोलले, याचे मला बरे वाटले.

पुढच्या रविवारी आनंदराज नवी कॅसेट घेऊन गेला. मी नव्हतो, रेणुकाने नंतर सांगितले ते लिहितो. त्या चार मात्रांत त्याने सूर भरले नव्हते. खरखरीच्या आवाजातून काढलेला ढोलाचा ठेका तेवढा चालू राहतो आणि पाचव्या मात्रेला क्लॅरोनेट पुन्हा उचलते. चाल नीट वेगात वाजली. ग्यानोबांनी हात आपटला नाही. मोकळी जागा आली तेव्हा त्यांची बोटे गोधडीवर हलली, आणि त्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिले. रेणुका म्हणाली, "मला वाटलं पाणी मागतेत. म्हणून मी उठले. उठायला नको होतं."

ग्यानोबा जूनच्या सुरुवातीला गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात विहाराच्या सभागृहात टीव्ही मांडून ती चाल लावली. मोकळ्या जागेपाशी मागून कोणीतरी म्हणाले, "अडकलं वाटतं." पुढच्या बायकांपैकी एकीनेही मागे वळून पाहिले नाही.

आनंदराजने बँडमधल्या हयात माणसांच्या आणि गेलेल्यांच्या घरी देण्यासाठी नऊ कॅसेटी केल्या. रचना हौशी मंडळींतही पाठवली. महिन्याभराने पोलंडमधल्या एका अनोळखी माणसाचे पत्र आले. त्याने चालीचे मनापासून कौतुक केले होते. एके ठिकाणी मुख्य आवाज तुटतो, बहुधा भरताना राहून गेला असावा, असे नम्रपणे कळवून त्याने त्या चार मात्रा स्वतः भरून जोडल्या होत्या. सूर गोड होते. आनंदराजने ते मला प्रयोगशाळेत ऐकवले आणि उत्तर कसे लिहावे ते विचारले. मी दोनतीन लांब वाक्ये सुचवली. त्याने ती ऐकून घेतली, पण पत्रात घातली नाहीत. त्याने आभार मानले, भरलेले सूर काढून टाकण्याची विनंती केली, आणि खाली एकच ओळ लिहिली: इथे वाजवणारा थांबून नवरीकडे पाहतो.