माळेवर घेतलेला जबाब

ती केस मी विसरलो नाही. विसरायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही. कागदावर बघाल तर माझी उत्तम केस. गुन्हा दाखल झाला त्याच दिवशी आरोपी हातात आला, दुसऱ्या दिवशी मुद्देमाल जप्त. वरिष्ठांनी शाबासकी दिली आणि माझ्या सेवापुस्तकात तशी नोंदही झाली. त्या नोंदीची आज मला लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलो आहे. माणसांची आणि गावाची नावं मुद्दाम देत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. इगतपुरी तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. घोटीचा बाजार जवळ, आजूबाजूला भाताची गावं. गावागावांत सवर्ण आणि बौद्ध वस्त्यांमध्ये कुरबुरी चालू होत्या, त्यामुळे शांतता समितीच्या बैठका घेण्याचे आम्हाला आदेश होते. बैठकीला दोन्ही बाजूंचे चार-चार पिकलेले पुढारी यायचे, चहा प्यायचे, "आमच्याकडून काही होणार नाही" म्हणायचे आणि जायचे. मी ते रजिस्टरला लिहून घ्यायचो. ज्यांच्याकडून काही व्हायचं असतं ती माणसं बैठकीला कधी येत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं.

एके दिवशी दोन तरुण लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी ठाण्यात आले. एक बौद्ध वस्तीतला, डी.एड. होऊन मास्तरकीच्या आदेशाची वाट बघणारा. दुसरा शेतकऱ्याच्या घरचा, भजनात पखवाज वाजवणारा. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम आणि गावचा हरिनाम सप्ताह, दोन्ही त्यांनी एकाच अर्जात घातले होते. ठाणे अंमलदार वैतागून म्हणाला, "दोन अर्ज करा रे. दोन वेगळे कार्यक्रम आहेत." त्यावर पखवाजवाला म्हणाला, "कार्यक्रम दोन हायेत साहेब, पन पोरं तीच हायेत."

मी दोघांना आत बोलावून बसवलं. नऊ जणांचं त्यांचं मंडळ होतं, चार बौद्ध आणि पाच शेतकरी घरांतले. एका रविवारी सगळे विहारात वंदनेला बसायचे, पुढच्या रविवारी मारुतीच्या पारावर भजनाला. भाषणं नाहीत, फलक नाहीत. माझ्या नोकरीत असं मी पहिल्यांदाच बघत होतो. पुढच्या शांतता समितीत मी त्या दोघांना खुर्च्या द्यायला लावल्या. पुढाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण फौजदारापुढे कोण बोलणार?

त्यांच्या मनात एक गोष्ट होती. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि मग गावपंगत बसते. त्या पंगतीला पाणी वाढायचं काम मंडळानं करावं, म्हणजे बौद्ध मुलांच्या हातचं पाणी सगळ्या गावानं प्यावं. बाहेरच्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. त्या गावात ती पिढ्यान्‌पिढ्या झालेली नव्हती. मुलं दोन वर्षं दारोदार फिरली. सरपंच, देवळाचे पंच, शेवटी कीर्तनकार महाराज. महाराज मोकळ्या मनाचे. ते म्हणाले, "पाणी कुणाच्या हातचं हे विचारणाऱ्यानं गळ्यात माळ घालूच नये." मग गावाला मान हलवावी लागली. मीही एकदा जीप घेऊन जाऊन आलो आणि पोलीस पाठीशी आहेत असं बोलून आलो. तेव्हा छाती जरा फुगलीच होती.

काल्याच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास पोलीस पाटील सायकलीवरून धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, पान्याच्या टिपाडात रॉकेल वतलंय. गाव पेटलंय. लवकर चला."

आम्ही पोचलो तर देवळापुढे दोन बाजूंना दोन जमाव. मधे पाण्याची चार टिपाडं, वर तवंग. गावाचा निकाल लागलेला होता. पाणी आदल्या संध्याकाळी मंडळानं भरलं, त्यात बौद्ध पोरं होती, म्हणजे त्यांनीच काल्याचा विटाळ केला. वस्तीतले लोक म्हणत होते की आमच्या पोरांना अडकवायला हे केलं. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या कुऱ्हाडी. महाराज एकटे मधे उभे राहून हात जोडत होते.

जमाव पांगवायला मी नेहमीचा उपाय केला. चारही बौद्ध मुलांना जीपमध्ये घातलं आणि ठाण्यात आणलं. त्यांना वाचवायला आणलं असं मी स्वतःला सांगितलं. गावाला मात्र चोर पकडले असंच समजायचं होतं, आणि तसंच समजलं.

दुपारी पखवाजवाला चालत ठाण्यात आला. सात मैल उन्हातून. येऊन तो त्या चौघांशेजारी फरशीवर बसला. हवालदार म्हणाला, "तुला कुणी बोलावलं?"

"पानी आमी सगळ्यांनी भरलं," तो म्हणाला. "ह्यांना बसवलं तर मलाबी बसवा."

तोवर मला एक खबर मिळाली होती. देवळासमोरच्या हॉटेलवाल्यानं आमच्या शिपायाच्या कानात सांगितलं, की सकाळी ओरड झाली तेव्हा अख्खं गाव टिपाडांत वाकून वास घेत होतं, फक्त एक जण आला नाही. पारावर टाळ घेऊन बसून राहिला. खबर तशी फुसकी, पण माणसांचा माझाही थोडा अनुभव होता. चोरी झालेल्या घरात सगळे डोकावतात, डोकावत नाही तो लक्षात ठेवावा. आणि न आलेला माणूस म्हणजे या पखवाजवाल्याचा सख्खा चुलता होता. पन्नाशीचा, माळकरी, गावात शब्दाला मान असलेला.

मी मुलाला माझ्या खोलीत घेतलं. ओरडलो नाही. चहा मागवला. "तुझ्या घरातला रॉकेलचा डबा कुठे आहे?" एवढंच विचारलं. त्यानं कप बाजूला सरकवला.

"डबा न्हाई घरात," तो म्हणाला. "सकाळीच बघितलं म्या. साहेब, आमचं चुलतं हाय त्ये. पन म्या सांगितलं आसं हुऊ देऊ नका."

मी शब्द दिला.

मग त्यानं जे मागितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "आमाला चार दिस द्या. महाराज गावातच हायेत. देवळात सगळ्यांपुढं चुलत्याच्या हातात त्याची माळ देऊन महाराज इचारतील. माळेवर हात ठिवून त्यो खोटं बोलनार न्हाई, मान तुटली तरी. त्यो कबूल करील, मग आमी त्याला घिऊन इहारात जाऊ. त्यो माफी मागंल. आमचं आमी मिटवू साहेब."

बाहेर बसलेल्या मास्तर मुलाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "आमच्या वस्तीतल्या लोकांना मी थांबवतो. चार दिवस नक्की थांबतील."

मला ते पटलं होतं, हे मी कबूल करतो. पण तेवढ्यात उपअधीक्षकांचा फोन आला. चोवीस तासांत आरोपी पाहिजे, वरून विचारणा होते आहे. फोन ठेवला आणि मनात हिशेब केला, की मुलांनी चार दिवसांत जे करायचं ते मी तासाभरात करू शकतो. हत्यार तर त्यानं माझ्या हातात आणूनच दिलं होतं.

चुलत्याला आणलं. मारहाण नाही, शिवी नाही. खुर्ची दिली. हवालदाराला बाहेर काढलं आणि म्हणालो, "काका, गळ्यातली माळ काढून हातात घ्या. आता सांगा, टिपाडात रॉकेल कोणी ओतलं?"

तो माणूस माझ्याकडे असा बघत राहिला की मला नजर वळवावी लागली. माळ काढून त्यानं ओंजळीत धरली. मग म्हणाला, "म्या वतलं."

का, असं विचारल्यावर त्याला रडू फुटलं. "पंधरा वर्सं काल्याचं पानी म्या पाजलं. ती माजी सेवा व्हती. पोरं सरपंचाकडं गेली, पंचांकडं गेली, महाराजांकडं गेली. माझ्याकडं कुनी आलं का? माझ्या घरातलं पोरगं, त्येनंबी इचारलं न्हाई. सरळ टिपाडं उचलली माझ्यापुढून."

तेव्हा ध्यानात आलं की गावभर फिरून परवानगी घेणाऱ्या मुलांनी ज्याच्या हातातून काम घेतलं त्यालाच तेवढं विचारलं नव्हतं. त्याच्या मनात जातीचा विटाळ नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. पण त्याच्याखाली हे दुखणं होतं, आणि देवळात महाराजांपुढे ते बाहेर आलं असतं तर कदाचित त्यावर औषधही निघालं असतं. तो आणि बौद्ध मुलं शेजारी उभे राहून पाणी वाढताना मी मनातल्या मनात कितीदा तरी पाहिले आहेत.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. आरोपीनं सांगितल्यावरून वस्तू मिळाली तर तेवढं चालतं, आणि ते पंचांसमक्ष, म्हणजे दोन त्रयस्थ साक्षीदारांपुढे, व्हावं लागतं. डबा त्यानं ओढ्याकाठी करवंदीच्या जाळीत टाकला होता. पाचही मुलांना मी त्याच रात्री घरी सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन गावात गेलो तर पंच व्हायला कुणी तयार होईना. गावात पंच मिळवणं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणं. माझ्या डोक्यात एक कल्पना आली. एक पंच शेतकऱ्याचा, एक बौद्ध, दोघं एकाच मंडळातले. कोर्टात किती छान दिसेल, वरिष्ठांना रिपोर्टमध्ये किती छान दिसेल! मी पखवाजवाल्याला आणि मास्तराला बोलावून घेतलं.

पखवाजवाला म्हणाला, "साहेब, तुमी शब्द दिला व्हता."

"तुझं नाव खबर देणारा म्हणून कुठेच नाही," मी म्हणालो. "पंच म्हणून आहे. ते वेगळं."

कायद्यानं ते वेगळंच होतं. त्यानं सही केली तेव्हा चुलता चार हातांवर बेड्यांत उभा होता. पुतण्याच्या सहीकडे त्यानं पाहिलं. ठाण्यात माळ कशी हातात घ्यायला लावली हे दाराबाहेरच्या हवालदाराकडून गावाला कळलेलंच होतं. ती युक्ती फौजदाराला कोणी शिकवली हे सांगायला कुणाची गरज उरली नाही.

जामिनावर सुटल्यावर त्या माणसानं गोदावरीच्या काठी जाऊन माळ उतरवली. ज्या माळेवर पोलिसांनी जबाब घेतला ती गळ्यात कशाला, असं म्हणाला म्हणे. माळकऱ्यानं माळ उतरवणं म्हणजे घरात मयत झाल्यासारखंच. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या. पखवाजवाल्याला भजनात कुणी जवळ बसू देईना. मंडळातले बाकीचे चार जण घरच्यांच्या धाकानं मागे हटले. विहारातल्या रविवारच्या वंदनेला आता फक्त वस्तीतली मुलं उरली.

दीड वर्षानं केस नाशिकला उभी राहिली. पखवाजवाला तोवर अंबडच्या एका कारखान्यात लागला होता आणि गाव सोडून तिथेच राहत होता. साक्षीच्या पिंजऱ्यात त्यानं सांगितलं, "मला काय दाखवलं न्हाई. कोऱ्या कागदावर सही घेतली." सरकारी वकिलांनी त्याला फितूर ठरवून उलटतपासणी घेतली, तरी तो ढळला नाही. त्यानंतर मास्तर उभा राहिला. त्यानं तारखेपासून जाळीपर्यंत सगळं खरं सांगितलं. पण एकाच पंचावर कोर्टाचं समाधान झालं नाही. आरोपी सुटला. चुलता जाताना पुतण्याशेजारून गेला, पण त्याच्याशी बोलला नाही. पुतण्यानं आपल्यासाठी खोटी साक्ष दिली, तरीही बोलला नाही.

कोर्टाच्या आवारात मी मास्तराजवळ गेलो. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून म्हणालो, "तू खरं बोललास. तुझ्या मित्रानं मात्र आपल्याला बुडवलं."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "त्याला काही म्हणू नका साहेब," तो म्हणाला. "तो खोटं बोलला म्हणून मला राग नाही. मी खरं बोललो त्याचाही आता उपयोग नाही. गावात माझ्याशी मनापासून बोलणारा तो एकटा होता. तुम्ही आम्हाला खुर्चीवर बसवलंत तेव्हा आम्हाला वाटलं की साहेब आमचं काम मोठं करताहेत. तुम्हाला आमचं काम नको होतं. तुम्हाला फक्त आमची माहिती पाहिजे होती."

तो बसस्टँडकडे निघून गेला. त्या वर्षीच्या काल्याला पाणी कुणी वाढलं याची मी चौकशी केली. सरपंचाच्या भावकीनं वाढलं. बौद्ध वस्तीतून पंगतीला कुणी गेलं नाही.

पुढे मी बऱ्याच वर्षांनी वरिष्ठ पदावरून निवृत्त झालो. तरुणांची शांतता पथकं बनवा, त्यांना ओळखपत्रं द्या, शिट्ट्या द्या, असे आदेश मीही खाली पाठवले आहेत. प्रत्येक वेळी त्याखाली एक ओळ मी हातानं लिहायचो. या मुलांना साक्षीदार, पंच किंवा खबरी करू नये. काही अधिकारी हसायचे. मग ही पोरं आपल्या काय उपयोगाची, असं एकानं तोंडावर विचारलंही होतं. गावात देवाच्या नावानं दोन बाजूंना जोडणारी मुलं पोलिसांच्या उपयोगाची नसतात, हेच मला त्या केसनं शिकवलं. त्यांच्या कामाला आपण फार तर वेळ द्यावा आणि लांब उभं राहावं. नंतर दोनदा मी असा वेळ दिला. एकदा मिटलं, एकदा डोकी फुटली आणि मला खुलासा द्यावा लागला. त्या खुलाशाचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पण ज्यांनी पहिल्यांदा वेळ मागितला त्यांना मी तो दिला नव्हता. दोघंही आता साठीच्या पुढे असतील. ते एकमेकांशी बोलतात की नाही मला माहीत नाही. शोधून काढायला एक फोन पुरला असता. तो करायची माझी हिंमत झाली नाही.