पहिल्या मजल्याचा लिफ्टखर्च

विज्ञान संस्थेत मी नेमकं काय करते, हे बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीत कुणालाच कळलं नाही. संस्थेतही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. राष्ट्रीय उद्यानात लावलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो बघून, ठिपक्यांवरून कोणता बिबट्या कोणता हे ओळखणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते मी लिहिलं होतं आणि मीच सांभाळायचे. पाच प्रयोगशाळा ते वापरायच्या. कुणी बिबट्यांसाठी, कुणी हरणांसाठी, कुणी फुलपाखरांसाठी. शोधनिबंध त्यांचे छापून यायचे. आभारांत माझ्या आधी कॅन्टीनचा नंबर लागायचा.

अनुदानाच्या अर्जात यंत्रं, रसायनं, प्रवास, अगदी चहापाण्यालाही रकाना होता. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाला नव्हता. तीन वर्षं आमच्या सरांनी मला ‘किरकोळ खर्चा’त बसवलं. मग तोही रकाना आटला आणि मार्चअखेर माझं कंत्राट संपणार हे नक्की झालं.

सर स्वतःच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना एक दिवस साक्षात्कार झाला की सॉफ्टवेअर म्हणजे इमारतच, तेव्हा मेंटेनन्स लावू. पाचही प्रयोगशाळांनी दरमहा आपापला वाटा द्यायचा आणि त्यातून माझा पगार निघायचा. ही अभिनव पद्धत परिषदेतही मांडायची, असं त्यांनी लगेच ठरवून टाकलं. मी मनापासून खूश झाले. नोकरी टिकणार होती.

सभा भरली. सगळ्यांनी माझं इतकं कौतुक केलं की मला धडकीच भरली. एकाने न वापरलेल्या महिन्यांची सूट मागितली. दुसऱ्याने विचारलं, सॉफ्टवेअर तर कधीच तयार झालंय, मग ही रोज येऊन करते काय. मग फुलपाखरांवर काम करणाऱ्या मॅडम उभ्या राहिल्या.

“आम्ही त्यातलं एकच बटण वापरतो,” त्या म्हणाल्या. “पहिल्या मजल्यावरच्यांनी लिफ्टचा खर्च का द्यायचा?”

सर माझ्याकडे बघू लागले. उत्तर मीच द्यायला हवं होतं, पण आमचं घर पहिल्या मजल्यावर. लिफ्टचे पैसे देणार नाही म्हणून बाबा सहा वर्षं सोसायटीशी भांडत होते आणि त्यांची सगळी पत्रं मीच टाइप करून दिली होती. त्यांत नेमकं हेच वाक्य होतं, ठळक अक्षरांत.

ठराव ‘तत्त्वतः मंजूर’ झाला. बाकीच्या चौघांनी, मॅडम देतील तेव्हा आम्हीही देऊ, असं लिहून दिलं. एकतीस मार्चला मला शाल-श्रीफळ मिळालं. त्याला रकाना होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. “अगं, ते आमचं बटण चालत नाहीये. दोन मिनिटांचं काम असेल ना?”

मला भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा स्वतःचाच. माझं कंत्राट संपलंय एवढं सांगून मी फोन ठेवला. मग खाली सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि साठवलेल्या पगारातून लिफ्टची सगळी थकबाकी भरून टाकली.

बाबांनी पावती उलटसुलट करून वाचली. “नोकरी नाही, आणि वापरत नाही त्या लिफ्टचे पैसे भरून आलीस,” ते म्हणाले. “असं कोण करतं?”

“कुणीच करत नाही, बाबा,” मी म्हणाले. “म्हणून तर मी घरी बसलेय.”